हरतालिकेचं डोकं

हरतालिका म्हटलं की मला वाळूच्या पिंडीआधी आईच्या कपाळाला करकचून बांधलेली जुन्या पातळाची पट्टी आठवते. उपवास निर्जळी. सकाळी पूजेला ती टुणटुणीत असायची, पण दुपारी दोन वाजले की डोळ्यांमागे ठणकायला लागायचं. "पित्त झालंय," म्हणत खोलीत अंधार करून पडायची. रात्री बारानंतर उपवास सुटला, आल्याचा चहा पोटात गेला, की अर्ध्या तासात बाई पुन्हा फुगडीला हजर.

मार्चमध्ये माझं हिमोग्लोबिन ९.२ आलं. डॉक्टर म्हणाल्या, जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मला अर्धंमुर्धं काही जमत नाही. दिवसाचे सहा कप एका रात्रीत बंद केले. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात, भाजी-भाकरीचा डबा संपवून, बाटलीभर पाणी पिऊनसुद्धा, तेच डोकं. डोळ्यांमागे अगदी तस्संच.

मग वाचत बसले. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की पेंग येते. चहातलं कॅफिन त्या जागा आधीच अडवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं. रोजच रुमाल पडायला लागला की मेंदू सीटा वाढवतो. आणि एक दिवस रुमाल टाकणारा आलाच नाही तर? अ‍ॅडेनोसिनला रान मोकळं. कॅफिनने आवळून धरलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि ठणका सुरू होतो, शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत. आईचा शेवटचा चहा आदल्या संध्याकाळी सहाचा. दुपारचे दोन म्हणजे वीस तास! (उपाशीपोटी, पाण्यावाचूनही डोकं दुखतं, ते काही मी नाकारत नाही.)

मी आता दोन कपांवर आलेय, तेही चारच्या आत. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाचेक तासांनीही अंगात असतं. "मला चहा पिऊन मस्त झोप लागते" ही माझी जुनी फुशारकी मी गुपचूप मागे घेतलीय.

आईला या वर्षी आठवडाभर आधीपासून चहा कमी करायला लावला. हरतालिकेला दुपारी तीनला फोन केला.

"दुखतंय का?"

"थोडंसं. पण ते तुझ्या त्या कॅफिनमुळे नाही हं. यंदा ऊन कमी आहे ना."