तुम्ही विचारलंत म्हणून: नजरेवरून आजार ओळखता येतो का?

बडोद्यात दांडिया बाजारच्या परिसरात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत असल्यामुळे आपल्या मराठी कुटुंबांतून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "मुलाची नजर हल्ली वेगळीच वाटते, डोळ्यांवरून स्किझोफ्रेनिया ओळखता येतो का हो?" येत नाही. तरीही या शंकेत तथ्य आहे, आणि ते विचारणाऱ्यांना वाटते त्याहून अधिक आहे.

या आजारात डोळ्यांच्या हालचाली बदलतात, हे डिफेनडॉर्फ आणि डॉज यांनी अमेरिकेत 1908 सालीच नोंदवले होते. 1973 मध्ये फिलिप होल्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा डोलणाऱ्या लंबकाचा पाठलाग करताना अनेक रुग्णांची नजर संथ न सरकता मागे पडते आणि छोट्या झेपा घेत त्याला गाठते, असे दिसले. पुढे रुग्णांच्या काही निरोगी नातलगांतही तेच आढळले.

मला मात्र 1992 चा पार्क आणि होल्झमन यांचा प्रयोग अधिक बोलका वाटतो. नजर पडद्याच्या मध्यावर ठेवायची, कडेला क्षणभर एक ठिपका चमकतो, मग काही सेकंद दुसऱ्याच कामात मन गुंतवले जाते, आणि शेवटी ठिपका जिथे होता त्या रिकाम्या जागेकडे पाहायचे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या चुका इथे जास्त झाल्या. तोच ठिपका पडद्यावर तसाच दिसत ठेवला, तेव्हा मात्र त्यांना ते नीट जमले. म्हणजे अडचण पाहण्यात नव्हती, पाहिलेली जागा मनात धरून ठेवण्यात होती. मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या प्रयोगशाळेला माकडांच्या कपाळामागच्या मेंदूत, खूण नाहीशी झाल्यावरही तिच्या दिशेसाठी जाग्या राहणाऱ्या, म्हणजे तिची जागा जणू धरून ठेवणाऱ्या पेशी आधीच सापडलेल्या होत्या.

हे सारे गटांच्या सरासरीचे निष्कर्ष आहेत. थकव्याने, गुंगीच्या औषधांनी किंवा लिथियम या मनोविकारांवरच्या औषधानेही नजरेचा पाठलाग बिघडतो, म्हणून घरी डोळ्यांपुढे बोट फिरवून कोणाची परीक्षा घेऊ नये. शिवाय घरचे ज्याला 'शून्यात बघणे' म्हणतात, ते कधी कधी औषधामुळे चेहरा ताठर होऊन पापण्या कमी लवत असल्याचे लक्षण असते. तसे वाटल्यास औषध परस्पर बंद न करता मनोविकारतज्ज्ञांना सांगावे.

रावपुऱ्यातून येणाऱ्या एका आईंची तक्रार अशी, की मुलगा स्कूटरची किल्ली फ्रिजवर ठेवतो आणि शोधतो खणात, "मुद्दाम करतो हो!" त्यांना मी सुचवले, की किल्लीला दाराजवळ उघडा खिळा द्यावा आणि गोळ्यांची डबी कपाटात न ठेवता जेवणाच्या टेबलावर समोर ठेवावी, कारण जे डोळ्यांसमोर आहे ते लक्षात धरावे लागत नाही. एवढ्याने आजार हटत नाही, हे त्यांना तेव्हाच स्पष्ट सांगितले. किल्लीवरून होणारी रोजची भांडणे मात्र बरीच कमी झाली आहेत.