आमची वाटचाल : एक चुकलेलं सुडोकू आणि त्यानंतरचं सगळं

आमच्या धंद्याची खरी सुरुवात विचाराल तर ती एका रविवारी सकाळी आलेल्या शिव्यांपासून झाली. त्याआधी वर्षभर मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही सांगलीत घरातल्या मागच्या खोलीतून एका छोट्या पेपरच्या रविवार पुरवणीला सुडोकू द्यायचो, म्हणजे ते ८१ घरांचं कोडं, ज्यात प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या छोट्या चौकोनात १ ते ९ एकेकदाच येतात. ताई गणिताच्या ट्यूशन घ्यायच्या, मला डीटीपी येत होतं, आणि सुडोकू काय कॉम्प्युटरवर एका क्लिकला तयार होतंच की, असा आमचा समज.

तर त्या आठवड्यात मला एका कोड्याची नक्षी आवडली नाही, एका बाजूला एक अंक जास्त दिसत होता म्हणून मी तो काढून टाकला आणि परत चेक न करता फाईल पाठवली. झालं. पहिल्या आणि दुसऱ्या आडव्या ओळीत, तिसऱ्या आणि सातव्या उभ्या ओळीत अशी चार घरं उरली ज्यात फक्त २ आणि ८ येऊ शकत होते. इकडे वर २ खाली ८, तिकडे वर ८ खाली २. आता हे उलटं करून बघा, तरी बरोबरच! म्हणजे एका कोड्याची दोन उत्तरं. पेपरवाल्यांनी आमचाच नंबर देऊन टाकला होता. एसटीतून रिटायर झालेल्या एका काकांनी तर पाऊण तास फोन सोडला नाही, "बाई, तुम्ही मला सकाळपासून वेड्यात काढताय" हे वाक्य अजून कानात आहे.

ताई शांतपणे कोडं घेऊन बसल्या. म्हणाल्या, अगं अंक परत घालायची गरजच नाही, तिसऱ्या उभ्या ओळीतली ही दोन घरं एकाखाली एक आहेत ना, मधे एक लहान-मोठ्याचं चिन्ह टाक, प्रश्न मिटला. एका छोट्या चिन्हानं चारही घरं पक्की झाली. मी बघतच राहिले. म्हणजे अंक न देताही माहिती देता येते! आमचा धंदा आजही याच एका गोष्टीवर चालतो.

मग शोधायला लागलो तर कळलं की हे जग केवढं मोठं आहे. सुडोकू हे नाव जपानी, पण कोडं १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेल मासिकात 'नंबर प्लेस' नावानं आलं होतं, जपानच्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशनानं ते १९८४ मध्ये उचललं. आणि सगळ्यात वाईट काय वाटलं, तर २००८ ची वर्ल्ड सुडोकू चॅम्पियनशिप चक्क गोव्यात झाली होती, सांगलीहून एका रात्रीच्या बसवर, आणि आम्हाला पत्ताच नाही!!

पहिला शिकलो तो सुडोकूचा किलर नावाचा प्रकार. काही घरांभोवती पिंजरे आखायचे, पिंजऱ्यात त्या घरांची बेरीज लिहायची, अंक एकही द्यायचा नाही, आणि एका पिंजऱ्यात तोच अंक परत येत नाही. दोन घरांत १७ म्हणजे ८-९, तीन घरांत २४ म्हणजे ७-८-९, आणि कुठलीही पूर्ण ओळ ४५. ताईंचे ट्यूशनवाले विद्यार्थी यावर तुटून पडले. त्यानंतर थर्मामीटर, म्हणजे घरांवर थर्मामीटरचं चित्र काढायचं आणि गोळ्यापासून टोकापर्यंत अंक चढतच जायला पाहिजेत.

पण माझा जीव जडला कुजबुज रेघेवर. बाहेर याला जर्मन व्हिस्पर्स म्हणतात, कुजबुज हे आमचं नाव. नियम एवढाच की रेघेवरच्या शेजारी अंकांत किमान ५ चा फरक पाहिजे. आता ५ ला या रेघेवर जागाच नाही, कारण त्याला पाच दूर जायचं तर ० नाहीतर १० लागेल. ४ च्या शेजारी फक्त ९ चालतो, ६ च्या शेजारी फक्त १. म्हणून तीन घरांची रेघ एकाच छोट्या चौकोनात असेल तर मधे ४ येऊच शकत नाही, दोन्हीकडे ९ लागतील ना. हे वाचणाऱ्याला आपोआप सुचलं की फोनवर जो आवाज येतो ना, त्यासाठी मी रात्री दोनपर्यंत बसते.

लॉकडाऊनमध्ये पेपरची पुरवणीच बंद झाली, पैसे थांबले, सोडून द्यायचंच ठरलं होतं. त्याच मे महिन्यात, २०२० ला, यूट्यूबवरच्या क्रॅकिंग द क्रिप्टिक या कोड्यांच्या चॅनलवर मिचेल लीनं बनवलेलं ते कोडं बघितलं, ज्यात फक्त दोन अंक दिलेत. साध्या सुडोकूला कमीत कमी १७ लागतात, हे २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर सिद्ध झालंय, आणि इथे दोन! बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांवर तोच अंक नको, राजाच्या एका घरावर नको, शेजारी सलग अंक नकोत, बस. ताई म्हणाल्या, आता सोडायचं नाही. मग आम्ही स्पायरल बाईंडिंगच्या पुस्तिका काढल्या, मोठ्या अक्षरात, कारण आमचं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं (मोबाईलवाली मुलं घेतील असं वाटलेलं, नाही घेतली).

आणि ऑर्डरवर कोडी. २०२२ ला एका नातवानं आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मागितलं, ८१ वं वर्ष आणि सुडोकूची घरंही ८१. आजोबा साखर कारखान्यात अकाउंटला होते म्हणून किलरच करायचं ठरलं. जन्म १९४१ चा, तर एक पिंजरा १९ चा, एक ४१ चा. ४१ सात घरांत बसवला की बाहेर फक्त १ आणि ३ राहतात, दुसरा मार्गच नाही, तिथूनच कोडं उघडतं. आजोबांनी म्हणे पंगतीत बसून सोडवलं, वाढपी थांबलेत आणि हे पेन्सिल चावतायत.

पैशाचं म्हणाल तर अजूनही ट्यूशन बंद केलेल्या नाहीत. कॉम्प्युटरला आम्ही फक्त एकच काम देतो, उत्तर एकच आहे ना ते बघायचं. कोडं हातानं बनतं आणि छापायच्या आधी जातं त्या एसटीवाल्या काकांकडे. हो तेच, पाऊण तासवाले. अंदाज मारावा लागला की ते कोडं फुली मारून परत पाठवतात, कारण सांगत नाहीत. दिवाळीच्या पुस्तिकेतलं शेवटचं कोडं तीनदा परत आलंय. काल मी एक थर्मामीटर एक घर डावीकडे सरकवलाय आणि चौथ्यांदा पाठवलंय, अजून फोन नाही.