आमची वाटचाल : खराब सिबिल आणि चालू मशीन

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून माल पुढं पाठवतो. बहुतेक काम ट्रॅक्टरच्या पार्टचं. २००९ साली उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या लेथवर सुरुवात केली, २०१३ ला पहिलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन घेतलं, २०१७ ला व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी. शॉप फ्लोअर आमचे हे बघतात. बिलं, जीएसटी आणि बँक माझ्याकडं.

वाटचाल सांगताना लोक पहिलं मशीन, पहिली मोठी ऑर्डर सांगतात. आमच्याही आयुष्यात ते दिवस आले, पेढे वाटले, फोटो काढले. पण शेजारच्या शेडमधली माणसं चहाला बसली की विचारतात ते वेगळंच : "वहिनी, सिबिल एवढं पडलेलं असताना तुम्हाला पैसे मिळाले कसे?" म्हणून सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा पतीचा स्कोअर, पडूनही पैसे कसे मिळाले तेवढंच नीट लिहून ठेवते.

व्हीएमसीसाठी बँकेचं पंचवीस लाखांचं कर्ज होतं, महिन्याला पंचावन्न हजारांच्या आसपास हप्ता. पहिली दोन वर्षं एकही हप्ता चुकला नाही. २०१९ ला गाडी घसरली. वाहन धंद्यात मंदी आली, वरच्या कंपन्यांनी शेड्यूल निम्म्यावर आणलं. ऑगस्टमध्ये महापूर आला, पुणे-बंगळुरू हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस माल हलला नाही. यातूनही आम्ही निभावलं असतं. पण मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या ज्या एका पुरवठादारासाठी आमचं सत्तर टक्के काम होतं, त्यानं पेमेंट थांबवलं. आधी साठ दिवस म्हणायचा, मग नव्वद, मग "वरून आलं की देतो". बघता बघता त्याच्याकडं एकोणीस लाख अडकले.

याचा खरा जाच जॉबवर्क करणाऱ्यालाच कळतो. बिल केलं की त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचा, गिऱ्हाईकाचे पैसे येवोत न येवोत. कटिंग टूलचे इन्सर्ट देणारा रोख मागतो, वीजबिल थांबत नाही, पोरांचा पगार सात तारखेला करावाच लागतो. शेवटी उरतो तो बँकेचा हप्ता. खात्यात पैसे नसताना हप्त्याची तारीख आली की तो बाउन्स होतो आणि वरून दंड बसतो.

बँकेच्या भाषेत एक ते तीस दिवस थकलं तर एसएमए-शून्य, साठपर्यंत एसएमए-एक, नव्वदपर्यंत एसएमए-दोन, आणि नव्वद ओलांडले की एनपीए, म्हणजे थकीत खातं. हे तेव्हा मला पाठ झालं. २०२० च्या मे महिन्यात सरकारनं छोट्या उद्योगांसाठी हमीचं कर्ज आणलं, शिल्लक कर्जाच्या वीस टक्के. पण अट होती की २९ फेब्रुवारी २०२० ला थकबाकी साठ दिवसांपेक्षा जास्त नको. आमची होती. ज्याला सगळ्यात जास्त गरज होती तोच त्या यादीतून बाहेर पडला, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. ऑगस्टअखेरपर्यंत हप्त्यांना मुदत मिळाली, नंतर खाती एनपीए करण्यावर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती होती. ती मार्च २०२१ मध्ये उठली आणि आमचं खातं एनपीएत गेलं. पाठोपाठ बँकेला तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची साठ दिवसांची नोटीस आली.

त्या काळात मी पहिल्यांदा आमचा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट काढून टेबलावर पसरला. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे बारीक चौकोन, वर महिना आणि वर्ष, खाली हप्ता किती दिवस थकला तो आकडा. हप्ता वेळेवर तर तीन शून्यं. व्हीएमसीच्या ओळीत शून्यांची लांब रांग होती. मग २८. मग ५९. मग ८७. मग आकड्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, म्हणजे खातं सबस्टँडर्ड, एनपीएची पहिली पायरी. एकोणीस लाख ज्यानं थकवले त्याचं नाव त्या कागदावर कुठंही नव्हतं. पुराचा उल्लेख नव्हता, मंदीचा नव्हता. वर स्कोअर, पाचशे साठच्या आसपास. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीत साडेसातशेच्या खाली बँकवाले कपाळाला आठ्या घालतात. पाचशे साठला फाइल उघडतही नाहीत.

माझं ठाम मत तिथंच बनलं. आमच्यासारख्या छोट्या उद्योगाचं सिबिल बहुतेक वेळा गिऱ्हाईकाच्या उधारीनं बिघडतं. उशीर त्याचा, नोंद आपल्या नावावर. मग नवीन कर्ज शोधत दारोदार फिरण्याआधी आपलेच अडकलेले पैसे शोधायला हवेत.

अर्थात हे सुचण्याआधी आम्हीही फिरलो. बँकांमध्ये माणसं चांगली बोलायची. "वहिनी, तुमचं काम बघितलंय ओ, पण सिस्टीमच घेत नाही." एकीकडं अर्ज केला की रिपोर्टमध्ये चौकशीची नोंद पडते, आणि थोड्या दिवसांत भरपूर चौकशा दिसल्या की स्कोअर आणखी उतरतो. हे समजल्यावर अर्ज करणं बंद केलं. फोन मात्र बंद होईनात. "सिबिल आठवड्यात साडेसातशे करून देतो, आधी फी भरा." रिपोर्टमधली खरी नोंद कुणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही. अशा माणसाला एक रुपया देऊ नका. कर्ज मंजूर झालंय, प्रोसेसिंग फी आधी पाठवा, असं सांगणाराही त्यातलाच.

गावात शेकडा तीन टक्क्यांनी पैसे देणारे होतेच. तीन टक्के महिना, म्हणजे वर्षाला छत्तीस. जॉबवर्कमध्ये एवढा नफा सुटत नाही. आमच्या ओळखीच्या एकानं असे पैसे उचलले आणि दोन वर्षांत लेथसुद्धा विकावा लागला. बिगरपरवाना सावकारी महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण वसुलीला दारात माणूस उभा राहतो तेव्हा कायद्याचं पुस्तक हाताशी नसतं. आमचे हे एका गोष्टीवर अडून बसले : सावकाराचा पैसा शेडमध्ये येणार नाही.

मग आमच्या सीएंनी 'समाधान' पोर्टलचं, म्हणजे थकवलेल्या बिलांची तक्रार करायच्या सरकारी पोर्टलचं नाव काढलं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तेव्हा बँक रेट सव्वाचार टक्के होता, म्हणजे पावणेतेरा. आमची उद्योग नोंदणी व्यवहाराआधीची होती. चलनावर गेटचा शिक्का होता, प्रत्येक बिलाला पर्चेस ऑर्डर जोडलेली होती. दावा असे तंटे मिटवणाऱ्या सुविधा परिषदेकडं गेला.

जवळच्या माणसांनी भीती घातली. केस केलीस तर पुन्हा काम मिळणार नाही. मला एकच कळत होतं, पैसे न देणाऱ्याचं काम मिळालं नाही तर आपलं नुकसान नेमकं कशाचं? परिषदेपुढं आधी समेटाचा प्रयत्न होतो. निवाडा विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचं झालं तर देणेकऱ्याला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. समोरच्याच्या वकिलाला हे माहीत होतं. व्याजावर आम्ही पाणी सोडलं आणि मुद्दल हप्त्यांनी घ्यायचं ठरलं. २०२२ मध्ये पहिला चेक वटला, त्या दिवशी जोतिबाला जाऊन आलो.

त्याच सुमारास बँकेनं एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव दिला. सोळा लाख येणं होतं, अकरा भरा आणि मोकळे व्हा. घरात सगळ्यांना तो पटला, पाच लाख वाचत होते. मी नको म्हटलं. तडजोडीनं मिटवलेलं कर्ज रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' दिसत नाही, 'सेटल्ड' दिसतं. पुढचा बँकवाला त्याचा अर्थ एवढाच घेतो की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत. ज्याला धंदा गुंडाळायचा आहे त्यानं तडजोड जरूर करावी. आम्हाला अजून वीस वर्षं मशीन चालवायची होती.

दुसरा रस्ता होता खातं पुन्हा स्टँडर्ड, म्हणजे सुरळीत करायचा. त्यासाठी नुसतं व्याज किंवा एखाद-दुसरा हप्ता भरून चालत नाही. मागची थकबाकी पूर्ण भरावी लागते. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्टच केलं. ती थकबाकी सात लाखांच्या घरात होती. समेटातून आलेले पैसे भरले, उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या आणि सासूबाईंचं गंठण तारण ठेवलं. सोन्यावरच्या कर्जाला खराब स्कोअर सहसा आड येत नाही, तिथं तारणच बोलतं. शिवाय त्या कर्जाचीही नोंद होते, त्यामुळं ते वेळेवर फेडलं की आपल्या रांगेत चांगले महिने जमा होतात. सासूबाईंनी गंठण काढून हातात देताना एकच विचारलं, "सावकाराकडं तर नाही ना ठेवणार?"

खातं सुरळीत झालं तरी खेळतं भांडवल नव्हतंच. इथं आमच्या धंद्याचं वळण बदललं. हायड्रॉलिक हाउसिंगचं एक काम थेट मोठ्या कंपनीकडून मिळालं. त्या पार्टच्या बोअरला वीस मायक्रॉनची टॉलरन्स आहे. सकाळी मशीन थंड असताना मापात आलेला बोअर दुपारी स्पिंडल तापल्यावर सरकतो, म्हणून आमची पोरं दर पाचव्या नगाला बोअर गेज लावतात आणि वहीत माप लिहितात. ऑडिटला आलेल्या इंजिनिअरनं ती वही अर्धा तास चाळली आणि काम दिलं. आमचा स्कोअर त्यानं विचारलाच नाही.

ती कंपनी ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांना बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर होती. त्या वेळी पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या व्यवस्थेत नोंदणी करणं सक्तीचं होतं, आता ही मर्यादा अडीचशे कोटींवर आली आहे. आपण बिल चढवायचं, कंपनीनं ते मान्य करायचं, मग बँका त्या बिलावर बोली लावतात. सगळ्यात कमी दराची बोली आपण घ्यायची, की एक-दोन दिवसांत पैसे खात्यात. दर ठरतो तो मुख्यतः पैसे देणाऱ्या कंपनीच्या पतीवर. आणि कंपनीनं पैसे बुडवले तरी बँक आपल्यामागं लागत नाही. एमएसएमईच्या बैठकांत मी हे पुनःपुन्हा सांगते, कारण आमच्या पट्ट्यात अजूनही निम्म्या लोकांना ट्रेड्स ही मोठ्यांची गोष्ट वाटते. उद्यम नोंदणी, जीएसटी, पॅन, बँक खातं एवढ्यावर नोंदणी सुरू होते. घोडं अडतं ते गिऱ्हाईकानं बिल मान्य करण्यात, म्हणून ऑर्डर घेतानाच विचारून घ्या.

रिपोर्टची दुरुस्तीही याच काळात केली. २०१३ च्या सीएनसीचं कर्ज आम्ही कधीच फेडलं होतं, तरी एका क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टमध्ये ते चालू आणि थकीत दिसत होतं. चार ब्युरो आहेत, चौघांकडं नोंदी वेगवेगळ्या असू शकतात, आणि प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नो ड्यूजचं पत्र जोडून तक्रार केली, नोंद निघाली. तक्रारीला तीस दिवसांची मुदत आहे, आणि एप्रिल २०२४ पासून ती उलटली तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. ते पत्र मी तेव्हा फाइलला लावून ठेवलं होतं म्हणून काम झालं. कुठलंही कर्ज फिटलं की पत्र घ्या, आणि जामीनदार म्हणून सही केली असेल तर त्या कर्जावरही लक्ष ठेवा. ते थकलं तर आपल्या रिपोर्टलाही झळ लागते.

व्हीएमसीचं कर्ज २०२३ ला पूर्ण फिटलं. रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड'. पुढच्या वर्षी एका शाखेतल्या अधिकारी मॅडम शेडवर आल्या. स्कोअर सातशेला टेकला नव्हता, पण त्यांनी ट्रेड्सचं स्टेटमेंट, जीएसटीची रिटर्न्स आणि मापांची वही मागितली. पोरांशी बोलल्या. छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई ट्रस्टच्या हमीवर दहा लाखांची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट मंजूर झाली, जागा-घर काही न लिहून देता. हमीची फी आपल्यालाच भरावी लागते, ती आम्ही आनंदानं भरतो.

आता कुठलंही एक गिऱ्हाईक आमच्या कामाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठं होऊ देत नाही. पंचेचाळीस दिवसांची मुदत प्रत्येक बिलावर छापलेली असते, आणि चाळिसाव्या दिवशी मी स्वतः फोन करते. आमच्याकडं ग्राइंडिंग करून देणारे दोघं आमच्याहूनही लहान आहेत. त्यांचं बिल पंधरा दिवसांत जातं, कारण त्यांच्या रिपोर्टमधला चौकोन आमच्यामुळं बिघडायला नको. सासूबाईंचं गंठण घरी आलंय. पाटल्या दिवाळीपर्यंत सोडवायच्या आहेत, आणि त्यानंतर व्हीएमसीला चौथा अ‍ॅक्सिस बसवायचा, त्याचं कोटेशन येऊन पडलंय.