काकांच्या बोटाची गोष्ट

गुऱ्हाळासाठी ऊस तोडताना काकांच्या मनगटाला कोयता लागला, त्याला आता दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, नस तुटलीय. आपल्याकडे रक्तवाहिनीही नस आणि चेतातंतूही नसच, त्यामुळे बघायला येणारा प्रत्येक जण रक्त किती गेलं तेच विचारायचा. काकांचं दुखणं वेगळंच होतं. रक्त केव्हाच थांबलं होतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र लाकडासारखी झाली होती.

नस शिवली. पण शिवली म्हणून लगेच चालू होत नाही. तुटलेल्या जागेच्या पुढचा तंतू आधी मरतो, त्याचं वेष्टण तेवढं उरतं आणि त्यातून नवं टोक बोटाकडे सरकायला लागतं, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. काका म्हणाले, "आमचा ऊस ह्याच्यापेक्षा बिगीनं वाढतोय की!" मग त्यांना एक नादच लागला. तळहातावर टिचक्या मारत जायचं, झिणझिण्या येतील तिथवर नस पोचली असं समजायचं आणि बॉलपेननं खूण करायची. ही परीक्षा टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १९१५ साली सांगितलेली. काकांच्या तळहातावर मोजणीदाराच्या नकाशासारख्या खुणा झाल्या होत्या.

हे सगळं चालतं ते परिघावर. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू एवढीच मध्यवर्ती चेतासंस्था. मेंदूतून निघणाऱ्या १२ आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ नसांच्या जोड्या परिघात मोडतात. परिघावर नस तुटली की तंतूला गुंडाळणाऱ्या पेशी वाट करून देतात, नव्या टोकाला पुढे बोलावतात. आत मज्जारज्जूत उलटा कारभार. तिथल्या वेष्टणातले घटकच वाढ रोखतात, वर जखमेचा व्रण आडवा येतो. तालमीत वस्ताद मानेवरून एवढे का खेकसायचे, ते मला काकांच्या हातामुळे कळलं. हात मोडला तर पोरगं पुन्हा मातीत उतरेल. मानेतला रज्जू तुटला तर कुणाच्या टिचक्या मोजायच्या?

आठव्या महिन्यात आम्ही मिसळ खायला गेलो. कटाचं भांडं नुकतंच चुलीवरून उतरवलेलं. काकांनी ते सवयीनं उजव्या हातानं पुढं ओढलं आणि "आयला!" म्हणत हात झटकला. हात मागं घ्यायचा हुकूम मज्जारज्जूच देऊन टाकतो, मेंदूला बातमी नंतर पोचते. म्हणून आधी हात मागं आला आणि मग काकांच्या लक्षात आलं की चटका बसलाय. इतकं खूश होऊन भाजून घेतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ब्रेडचे दोन तुकडे आणि जादा कट आणखी मागवला.

चटका आधी परततो, बारीक स्पर्श मागाहून. खिशातलं नाणं रुपयाचं की दोनाचं, हे काकांना अजून बोटांनी ओळखू येत नाही. बाहेर काढतात आणि डोळ्यांजवळ धरतात.