पीएमपी: एकदा म्हापशातून, एकदा पुण्यातून

परवा पुण्याहून परतलो. पीएमपी, म्हणजे पीएमआय या संस्थेची प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा, पास झालो. झोप अजून पुरी झालेली नाही, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतो, कारण मला ज्या खात्रीने सल्ले मिळाले त्यातले निम्मे चुकीचे निघाले.

सगळ्यात महाग पडलेला सल्ला: "घरूनच ऑनलाइन दे, आरामात होते." ऐन पावसाळ्यात गोव्यातून घरून परीक्षा देऊ नका. देऊच नका. मी जूनमधली तारीख घेतली होती. टेबल मोकळं केलं, खोलीचे चारही बाजूंनी फोटो पाठवले, मोबाईल हाताला लागणार नाही असा ठेवला. आईला दोन दिवस मामाकडे डिचोलीला पाठवलं. पोदेराला (पाववाल्याला) सांगितलं की आज दारात भोंपू वाजवू नको. लाईट जाणार हे धरून राऊटर इन्व्हर्टरवर घेतला. लाईट गेलीच नाही. त्र्याहत्तराव्या प्रश्नाला मागच्या माडाची झावळी खाली आली आणि इंटरनेटची वायर तोडून गेली. फोनवरून नेट घ्यावं तर फोन हातात घेणं हाच नियमभंग. पुन्हा जोडणी झाली नाही ती नाहीच. मग तक्रार, ईमेल, वाट पाहणं. शेवटी नवी तारीख मिळाली, पण ते दिवस मी पुस्तक उघडू शकलो नाही. असं झालंच तर आधी तक्रार क्रमांक लिहून घ्या, बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या वेळी पुण्याचं केंद्र घेतलं. तिथेही एक चूक केली: रात्रीची बस धरली आणि उतरल्यावर त्याच दिवशी पेपर दिला. घाटातल्या पावसात बस रेंगाळली, डोळ्याला डोळा लागला नाही. एक दिवस आधी जा. लॉजचे पैसे परीक्षा-फीच्या मानाने काहीच नाहीत. चवथीच्या आसपासची तारीख तर घेऊच नका. त्या दिवसांत खाजगी बसवाले भाडं कुठे नेतात ते आपल्याला ठाऊक आहे. पत्र्याच्या पेटीसारख्या गार खोलीत चार तास बसायचं असतं, म्हणून स्वेटर न्या. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच पीएमआयच्या खात्यात हवं, हे तारीख घेण्याआधीच तपासा.

आता क्लासचं. पस्तीस तासांचं प्रशिक्षण लागतंच, त्याला इलाज नाही. पण माझ्या क्लासने अर्ज भरून देण्याचे आणि "ऑडिट (पीएमआयची अर्जाची पडताळणी) आलं तर बघतो" याचे वेगळे पैसे घेतले. ही सरळ लूट आहे. अर्ज दोन संध्याकाळींत आपला आपण होतो. मी अर्ज भरला तेव्हा चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या आठ वर्षांतला छत्तीस महिन्यांचा प्रकल्प चालवण्याचा अनुभव दाखवायचा होता. डिप्लोमावाल्यांना साठ महिने. एकाच वेळी दोन प्रकल्प चालू होते तर तो महिना एकदाच धरला जातो, इथे बरेच जण फसतात. ऑडिट आलं तर कागद द्यायला नव्वद दिवस मिळतात आणि सही तुमच्या साहेबांनीच करायची असते, क्लासवाल्याने नाही. त्यामुळे वेर्ण्यातली जुनी नोकरी सोडली असली तरी तिथल्या साहेबांना आधीच फोन करून ठेवा.

त्याच क्लासने आमच्याकडून पीएमआयच्या पीएमबॉक या मार्गदर्शक पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीतल्या 49 प्रक्रिया, त्यांचे इनपुट-आउटपुट घोकून घेतले. मला एकही प्रश्न तसा आला नाही. आकडेमोड अगदी मोजकी. ईव्ही (झालेल्या कामाची किंमत) भागिले एसी (प्रत्यक्ष खर्च) म्हणजे सीपीआय (खर्चाचा निर्देशांक), ईव्ही भागिले पीव्ही (तोवर ठरलेल्या कामाची किंमत) म्हणजे एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक), एकापेक्षा कमी तर वाईट, एवढं पक्कं असलं की भागतं. माझा निम्मा पेपर ॲजाइल (काम छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत करण्याची पद्धत) आणि हायब्रिडचा (ती आणि जुनी पद्धत मिळून) होता. तो क्लासने शेवटच्या रविवारी उरकला होता.

प्रश्न प्रसंगांचे असतात आणि शेवटी विचारतात, मॅनेजरने आधी काय करावं? समजा ठेकेदार म्हणतो, यंत्र तीन आठवडे उशिरा येईल. कारखान्यात आपण सरळ साहेबांना फोन लावतो. परीक्षेत ते उत्तर जवळजवळ नेहमी चूक. ही जोखीम आधी नोंदवली होती का? असेल तर ठरवलेला उपाय अमलात आणायचा. नसेल तर नोंद करून परिणाम तपासायचा. वरती जाणं त्यानंतर. बदलाची मागणी आली तरी आधी परिणाम, मग चेंज कंट्रोल बोर्ड (बदल मंजूर करणारी समिती). ॲजाइलमध्ये असाल तर प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) प्राधान्य ठरवतो. सात वर्षांची नोकरीतली सवय मोडायला मला दोन महिने लागले. अभ्यासाचा खरा वेळ इथे द्या.

आणि पहिले साठ प्रश्न. माझा सगळा पेपर तिथे बुडता बुडता राहिला. माझ्या वेळी 180 प्रश्न, 230 मिनिटं होती, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या किंचित वर. साठ आणि एकशेवीस प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांची सुट्टी, आणि सुट्टी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत बसलो आणि पहिल्या साठांतच शंभर मिनिटं घालवली. पुढचे साठ अक्षरशः पळत सोडवले. 230 मिनिटांच्या पेपरला पहिल्या सुट्टीला घड्याळात 153 मिनिटं उरलेली हवीत, दुसरीला 77. हे आकडे पाठ करा. सराव चाचणीही याच हिशेबाने, एका बैठकीत, पाणीसुद्धा सुट्टीतच पिऊन द्या. तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या चाचण्यांतले माझे चांगले गुण इथे काही उपयोगाला आले नाहीत.

माझा पेपर पीएमआयच्या 2021 च्या परीक्षा-आराखड्यावर झाला: लोक 42 टक्के, प्रक्रिया 50, व्यवसायाचं वातावरण 8. जुलै 2026 पासूनच्या नव्या आराखड्यात हा शेवटचा भाग 26 टक्के आहे, त्यामुळे त्यानंतर बसणाऱ्यांनी माझ्यासारखा तो शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.