प्लस १८४

आज १८४वा दिवस. बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, त्याचं प्रत्यारोपण झालेल्यांचं पंचांग वेगळं असतं. भावाच्या पेशींची पिशवी चढवली तो शून्य दिवस, त्यापुढचा प्रत्येक दिवस ‘प्लस’.

सकाळी पहिली लस घेतली, न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धची, डाव्या दंडात. सिस्टरनी कार्ड दिलं ते लहान मुलांचंच. वर छापलंय ‘बाळाचे नाव’. तिथे त्यांनी माझं नाव लिहिलं, वय ४२. घरी येईपर्यंत कार्ड हातातच होतं.

मला पाचव्या वर्षी गोवर आला होता. आईनं उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवला होता, तो वास अजून लक्षात आहे. माझ्या शरीराला मात्र आता तो गोवर आठवत नाही. केमोत जुना मॅरो गेला, त्याबरोबर लहानपणापासून शिकलेलं सगळं हळूहळू पुसलं जातं. म्हणून घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, सगळं पहिल्यापासून. गोवराची लस जिवंत विषाणूची, ती दोन वर्षांनंतर, आणि तेव्हाही सगळं ठीक असेल तरच.

सतराव्या दिवशी न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५००च्या वर गेले, सलग तीन दिवस टिकले, तेव्हा आई वॉर्डाबाहेर रडली होती. आम्हाला वाटलं, सुटलो. पण टी-पेशींचं, म्हणजे विषाणू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं, काम फार सावकाश. त्या छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ती ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. लहान मुलं लवकर सावरतात. माझ्या वयात वर्ष लागतं, कधी दोन. आजचा सीडी-फोर, म्हणजे एका प्रकारच्या टी-पेशींचा आकडा, १६०. २००च्या वर जाईपर्यंत सेप्ट्रान, म्हणजे संसर्ग टाळायची गोळी, चालूच राहणार. कोशिंबीर नाही. तुळशीला पाणी आईच घालते, कारण कुंडीतल्या मातीत बुरशी असते. केस आले की लोक म्हणतात, ‘आता बरी दिसतेस गं!’ त्यांचं प्रेम कळतं, पण हा आकडा त्यांना कसा दाखवू?

मी जन्मले त्याच १९८३ साली मुंबईत टाटा मेमोरियलला देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं. तेव्हा घरी परतणाऱ्यांना हे पुढचे महिने कुणी समजावून सांगितले असतील का, हे सारखं मनात येतं.

माझा रक्तगट ओ होता. आता रिपोर्टवर बी येतो, भावाचा. आणि त्याच्याच लेकीला मला जवळ घेता येत नाही. तिला परवा पोलिओचे थेंब पाजले. त्यातला विषाणू दुबळा असला तरी जिवंत, म्हणून काही आठवडे लांबच राहायचं. ती नुकतीच ‘आत्या’ म्हणायला लागलीय.

रात्री दंडाला हात लावला तर गरम लागला, दुखतोयही. भावाला फोन केला. म्हणाला, “ताई, माझ्या पेशी कामाला लागल्या वाटतं.” मग म्हणाला, “रविवारी छकुलीला घेऊन खाली अंगणात उभा राहतो. तू गॅलरीत ये.”