भाचा, स्पिटफायर आणि निपर

आज रविवार, पोहे-जिलेबी झाल्या झाल्या भाच्याचं स्पिटफायरचं (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) प्लास्टिक मॉडेल किट उघडलं. 1/72 स्केल, म्हणजे खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 11.23 मीटर ते इथे जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर! साहेब लगेच प्लास्टिकच्या फ्रेममधले पार्ट हातानेच पिळून तोडायला निघाले, म्हटलं थांब रे बाबा.

काल सियागंजातून निपर, म्हणजे पार्ट कापायची छोटी पक्कड, आणून ठेवला होता. त्याची सपाट बाजू पार्टकडे ठेवायची आणि दोनदा कापायचं, आधी फ्रेमपासून जरा लांब, मग उरलेला ठोंब पार्टच्या जवळून, पण अगदी चिकटून नाही, एकदम जवळून दाबलं की प्लास्टिकवर पांढरा डाग पडतो किंवा टवका निघतो. राहिलेला कण क्राफ्ट नाइफच्या 11 नंबरच्या टोकदार पात्याने हळूहळू तासायचा, पातं आपल्या बोटांकडे न आणता. हे काम मी माझ्याकडेच ठेवलं, नऊ वर्षांच्या पोराच्या हातात ब्लेड दिलं तर ताई मलाच तासेल.

वॉटर पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर) आइसक्रीमच्या काडीवर चिकटवून दिला, आधी जाडसर 400 नंबरचा मग बारीक 800 चा, पाणी लावून. इथे मात्र पठ्ठ्या रमला, घासतोय, बोट फिरवून बघतोय, "मामा, अजून लागतंय."

कॉकपिटच्या काचेला फेविक्विक नको हां, वाफेने काच पांढुरकी होते, साधा पांढरा फेविकॉल बरा. महागडे टूलसेट कशाला घेतात लोक कळत नाही, निपर, पातं, वॉटर पेपर, बारीक टोकाचा चिमटा, बस झालं की. चिमटा अजून मिळालेला नाही, इंदूरवाल्यांनो, कुठे चांगला मिळेल सांगा ना!